शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून ठेवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

बुराईकाठ

नमस्कार मंडळी. मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका जि.प. शाळेवर शिक्षिका आहे, गेल्या वर्षीपासून मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच आहे, आणि प्राथमिक शाळेला क्लार्क नसतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीये, म्हणजे वर्ग पण मीच घ्यायचे, पोषण आहाराचा हिशोब पण मीच ठेवायचा आणि दाखले पण मीच द्यायचे.

आमच्या कपाटात एकूण ९ जनरल रजिस्टरं आहेत, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ती पुस्तकं. सगळ्यात जुनं १९११ पासूनचं, त्याच्या पहिल्या पानावर अजून ‘पश्चिम खानदेश’ छापलेलं आहे. पहिल्या दोन रजिस्टरात बऱ्याच नोंदी मोडीत आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. चालू रजिस्टरचा शेवटचा नंबर ६३१८ आहे, म्हणजे तेवढ्या नोंदी.

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हापासून आजोबा-पणजोबांच्या उताऱ्यासाठी माणसं येतात, टोकरे कोळी, भिल्ल समाजाची व्हॅलिडिटीवाली (जातीचा दाखला पडताळून घ्यायचा असलेली) मुलं तर आधीपासूनच येत होती. कोणाला वर्ष माहित नसतं, "मॅडम, आजोबा ४२ नाहीतर ४५ ला शाळेत होते" एवढंच सांगतात, मग मी पान पान उलटते. परवा असंच १९२० च्या आसपासचं पान उलटताना कोपरा हातात आला. नखाएवढा तुकडा, त्यावर ‘ता.’ एवढंच लिहिलेलं. कोणाची तारीख होती ती मला अजून कळलं नाही, दोन दिवस झोप लागली नाही खरंच.

म्हणून ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, नाव टाकलं की पान समोर आलं पाहिजे. शहरातल्या एका स्कॅनिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणे रजिस्टरं दुकानावर आणून द्या, बाइंडिंग सोडावं लागेल, आठ दिवसात पीडीएफ देतो. मला ते पटलं नाही. शाळेत एक जुना डेस्कटॉप आहे, माझा फोन आहे, शाळा अनुदानातून थोडेफार पैसे निघतील. एक सर म्हणाले पानं लॅमिनेट करून टाका, कायमचा प्रश्न मिटेल. काय करू? आणि हे स्कॅन बघून उतारा दिला तर चालतो का?

रेकॉर्डरूम_बापू

ताई, आधी दोन गोष्टी करू नका. लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. मी ३१ वर्ष पंचायत समितीत रेकॉर्ड सांभाळलं, टेप लावलेल्या पानांचे हाल मी माझ्या हातांनी पाहिलेत, दहा-पंधरा वर्षात टेप पिवळी पडते, निघून जाते आणि तिचा गोंद कागदातच राहतो, त्याखालची अक्षरं तेलकट होऊन दिसेनाशी होतात. लॅमिनेट केलेलं पान तर पुन्हा कधी सोडवता येत नाही, गरम प्लास्टिकमध्ये कागद कायमचा चिकटतो. तो नखाएवढा तुकडा आहे ना, तो साध्या कागदाच्या पाकिटात टाका, पाकिटावर पेन्सिलनं रजिस्टर नंबर, पान नंबर आणि पानाचा कोणता कोपरा ते लिहा आणि पाकीट त्याच पानाजवळ ठेवा. चिकटवायचं नाही. पुढेमागे जाणकार माणूस भेटला तर तो बरोबर बसवून देईल.

दुसरं, रजिस्टर शाळेबाहेर जाऊ देऊ नका. जनरल रजिस्टर म्हणजे कायम जतन करायचं दप्तर. कामाला हात लावायच्या आधी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या की रजिस्टरांचे फोटो शाळेतच, तुमच्या समोर घेतले जाणार आहेत, आणि त्याची पोच घेऊन ठेवा. उद्या पानाचा कोपरा गेलेला दिसला तर तो केव्हाचा हा प्रश्न तुमच्यावर येऊ नये म्हणून सांगतोय. पत्राबरोबर प्रत्येक रजिस्टरची आजची हालत लिहून ठेवा, किती पानं, कोणती सुटी झाली, कोणती फाटली.

आणि कपाटातलं सगळंच स्कॅन करायला बसू नका. आपल्याकडे अभिलेखांचं निंदणीकरण म्हणतात, शब्द शेतातलाच आहे, निंदणी करताना तण काढतो आणि पीक ठेवतो तसं. अ वर्ग म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्ष, ड म्हणजे वर्षभर. आधी गठ्ठे सोडून वर्गवारी करा, मुदत संपलेल्याचं काय करायचं ते वरिष्ठांच्या मंजुरीनंच. तुमच्यासारख्या एकट्या माणसानं जुन्या मासिक पत्रकांत दिवस घालवले तर रजिस्टरांपर्यंत पोचणारच नाही.

कपाट भिंतीपासून चार बोटं लांब घ्या, आपल्याकडे उधई भिंतीतूनच चढते. औषध मारायचं तर भिंतीला आणि जमिनीला मारा, कागदावर कधीच नाही. मोठं पुण्यनं काम शे हाई ताई, करी टाका.

जळगावकर_पुण्यात

मॅडम, मी कागदपत्रांच्या डिजिटायझेशनच्या कामातच आहे. बाइंडिंग सोडायला नकार दिलात ते फार बरं केलंत. हिशोब सांगतो म्हणजे काम केवढं आहे ते कळेल. जनरल रजिस्टरची नोंद डावीकडून उजवीकडे दोन पानांवर जाते, डावीकडे नाव, जात, जन्मतारीख आणि उजवीकडे दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. म्हणून उघडलेलं जोडपान एकाच फोटोत यायला पाहिजे, अर्धी अर्धी पानं घेतली की कोणाचा शेरा कोणाचा ते नंतर जुळवत बसावं लागतं. एका जोडपानावर १८ नोंदी धरल्या तर ६३१८ नोंदींची साडेतीनशे जोडपानं झाली. एवढंच आहे काम! यासाठी दुकानवाल्याची गरज नाही.

फुलस्केप रजिस्टर उघडलं की रुंदी साधारण १७ इंच. साध्या १२ मेगापिक्सल फोनचा फोटो ४००० पिक्सल रुंद असतो, म्हणजे इंचाला २३५ ठिपके. आदर्श ३०० डीपीआय समजतात, पण हाताचं अक्षर वाचायला २३५ पुरतं. फोनमध्ये जास्त मेगापिक्सलचा मोड असेल तर तो चालू करा. पूर्ण ३०० डीपीआयनं रंगीत आणि न दाबता ठेवलं तरी एक जोडपान ६२ एमबी होतं, सगळं मिळून २२ जीबीच्या आत. आजकालच्या १ टीबी डिस्कवर त्याला जागा काहीच लागत नाही, म्हणून फाईल लहान करायच्या मागे लागू नका.

रंगीतच घ्या, हे मी हात जोडून सांगतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका संस्थेचं काम दुसऱ्या कोणीतरी ब्लॅक अँड व्हाईटमध्ये करून दिलेलं मी तपासलं होतं, त्यात लाल शाईनं केलेल्या दुरुस्त्या आणि त्याखालच्या हेडमास्तरांच्या सह्या गायब! कुठे मूळ निळी नोंद दिसतेय पण ती खोडली हे दिसत नाही, कुठे उलटं. सगळं परत करावं लागलं, आणि तोवर त्यातलं एक पुस्तक भिजलेलं होतं.

फोन हातात धरून नाही, ट्रायपॉड किंवा टेबलाला लावायचा स्टँड घ्या, फोन पानाच्या बरोबर वर, समांतर. फ्लॅश बंद. दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, दोन साधे टेबल लॅम्प चालतात, किंवा सकाळी व्हरांड्यात सावलीत. जुनं रजिस्टर पूर्ण सपाट उघडत नाही, जबरदस्ती करायची नाही, ज्या बाजूची पानं कमी आहेत तिच्याखाली घडी केलेलं सुती कापड किंवा वह्या ठेवा म्हणजे दोन्ही बाजू एका पातळीत येतात. शाई पलीकडून दिसत असेल तर पानामागे कोरा पांढरा कागद सरकवा. फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथं घालून दाबू नका, कणा तुटतो.

स्कॅनिंगचं अ‍ॅप वापरू नका, फोनचा साधा कॅमेराच वापरा. अ‍ॅप स्वतःच्या मनानं कडा कापतात, रंग ‘सुधारतात’ आणि बरीच अ‍ॅप फाईल त्यांच्या सर्व्हरवर चढवतात, ह्यात लोकांच्या जाती-जन्मतारखा आहेत.

नाव टाकलं की पान यावं यासाठी पेपरलेस-एनजीएक्स म्हणून मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, तुमच्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून डॉकरमध्ये (असे प्रोग्रॅम चालवायचं एक साधन) चालवता येईल, ब्राउझरमधून शोधायचं, टॅग लावता येतात. मी ऑनलाईन बसून टाकून देतो, पैसे काही नको.

सातपुडा_गुरुजी

दादा तुमचं फोटोचं सगळं पटलं, सॉफ्टवेअरचं नाही पटलं. मी धडगाव भागात शिक्षक आहे, आमच्या शाळेची ४ रजिस्टरं मी दोन वर्षांपूर्वी केली. मी पण आधी असंच एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं एका मित्राकडून, छान चालायचं, मग दिवाळीच्या सुट्टीत लाईटचं काहीतरी झालं आणि ते परत सुरूच होईना, मित्र परगावी, मला लिनक्सचं काही येत नाही. फोटो होते पण शोधायचं कशात? आणि मॅडमची तीन वर्षांनी बदली होईल, नवीन येणाऱ्या सरांना डॉकर कोण समजावून सांगेल. एक फोल्डर आणि एक एक्सेल शीट, हे कोणालाही उघडता येतं.

आणि मुख्य म्हणजे मॅडम, कोणतंही सॉफ्टवेअर ही हस्ताक्षरं वाचून देणार नाही. छापील मराठी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) आता बरं वाचतं, टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरमध्ये मराठी आहे, पण १९३० च्या मास्तरांचं बोरूचं अक्षर त्याला जमत नाही. म्हणजे नावं माणसानंच टाईप करायची. फोटो माझे चार दिवसात झाले, सूचीला पूर्ण शैक्षणिक वर्ष गेलं. तुमच्या ६३१८ नोंदी रोज ६० केल्या तरी १०५ दिवस. काम तेच आहे खरं, फोटो नाही.

सूचीत रकाने थोडेच ठेवा नाहीतर पूर्ण होत नाही: रजिस्टर नंबर (म्हणजे त्या मुलाच्या नोंदीचा क्रमांक), नाव जसं लिहिलंय तसं, शोधायचं नाव, जन्मतारीख, दाखल तारीख, फोटोची फाईल. ‘जसं लिहिलंय तसं’ आणि ‘शोधायचं नाव’ हे दोन रकाने वेगळेच पाहिजेत. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, ‘उखा वल्द धना’ म्हणजे धनाचा मुलगा उखा असं असतं, कुठे वल्दच्या जागी ‘बिन’ असतं, पाटील कधी ऱ्हस्व कधी दीर्घ. पहिल्यात एक काना-मात्रा बदलू नका, दुसऱ्यात आजच्या पद्धतीनं लिहा म्हणजे शोध लागतो. जात सूचीत टाईपच करू नका असं माझं मत, ‘को.’ लिहिलं असेल आणि आपण पूर्ण शब्द केला तर तो आपला अंदाज झाला, आणि त्या एका शब्दावर एखाद्या पोराचं मेडिकलचं ॲडमिशन अडलेलं असतं. जात ज्याला बघायची तो मूळ पानावरच बघेल.

तारखेचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून समजतच नाही, आणि तुमच्या १९११ च्या रजिस्टरात १९०० च्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली पोरं असणार, म्हणजे अर्ध्या रकान्यात तारखा आणि अर्ध्यात मजकूर होतो, आणि वरून दिवस-महिना उलटसुलट पण करतं ते. पूर्ण रकाना आधी टेक्स्ट करून टाका आणि वर्ष-महिना-दिवस असं लिहा, १९०३-०६-१४ असं. मग क्रम पण बरोबर लागतो. टायपिंग युनिकोडमध्येच. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात केलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात, शोध लागत नाही.

फाईलच्या नावात रजिस्टर, जोडपान आणि त्या पानावरचा पहिला-शेवटचा नंबर टाका, आर०३_प०१७_११८७-१२०४ असं, इंग्रजी अक्षरं-अंक वापरून आणि पुढे शून्य लावून, नाहीतर २ च्या आधी १० येतो. असं नाव असलं की अर्धी सूची तिथेच झाली, रजिस्टर नंबर माहित असलेला माणूस आला तर शीट उघडायचीही गरज नाही.

जळगावकर_पुण्यात

गुरुजी, बदलीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तुमचं बरोबर आहे. आमच्या ऑफिसात सिस्टिम सांभाळायला माणूस असतो, तो शाळेत नसणार. मॅडम, फोल्डर आणि शीटच करा. सूचीतल्या फाईलच्या नावाला हायपरलिंक द्यायला मी शिकवतो. पुढेमागे मोठं काही करायचं झालं तर हीच शीट कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घेता येते, काही वाया जात नाही.

बॅकअपचं मात्र ऐका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक शाळेबाहेर. डेस्कटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत लेखी पोच घेऊन. पेनड्राइव्हवर भरवसा नको. आणि वर्षातून एकदा डिस्क लावून दहा-वीस फाईली उघडून बघायच्या, कपाटात ठेवलेली डिस्क न बोलता बंद पडते.

मोडी_धुळे

पहिल्या दोन रजिस्टरांबद्दल लिहितो. मोडी येत नसेल तर अंदाजानं वाचायला जाऊ नका, पण फोटो आधी त्याच रजिस्टरांचे घ्या कारण कागद तोच सगळ्यात जीर्ण आहे. अंक देवनागरीसारखेच असतात, म्हणून रजिस्टर नंबर आणि तारखा तुम्हाला वाचता येतील, सूचीत तेवढं भरून नावाचा रकाना रिकामा सोडा.

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारून मग हात न उचलता लिहायची पद्धत, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. म्हणून नवशिक्याकडून नावात सहज गल्लत होते. नावं दोन वाचकांकडून वेगवेगळी वाचून घ्या, एकानं दुसऱ्याचं बघायचं नाही, जिथे जुळलं तिथे पक्कं, जिथे नाही तिथे दोन्ही वाचनं लिहून पुढे प्रश्नचिन्ह. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे पण तुम्हाला त्याची गरज नाही, देवनागरी लिप्यंतरच ठेवा.

वाचक आपल्या धुळ्यातच मिळतील. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून इथे आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद तिथे आहेत, तिथे चौकशी करा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यातून शिकलेली बरीच मंडळी आपल्याकडे आहेत. फोटो चांगले असले तर मी स्वतः एक रजिस्टर वाचून देईन. पण फोटो ग्रुपवर टाकू नका, मी शाळेत येऊन बसतो.

बुराईकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. बापू, पत्र आजच दिलं. एक राहिलंच, स्कॅन बघून उतारा द्यायचा का? की दर वेळी मूळ पुस्तक काढायचंच?

अमळनेर_वकील

मॅडम, उतारा मूळ रजिस्टरवरूनच द्या आणि ‘मूळ अभिलेखावरून तपासून’ असंच लिहा. स्कॅनचा उपयोग पान शोधायला. फरक असा पडेल की आज तुम्ही एका नोंदीसाठी शंभर पानं उलटता, उद्या एकच पान उघडाल, आणि नोंद नाहीच असं सूचीवरून कळलं तर पुस्तक काढावंच लागणार नाही. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक येतं तेव्हा ते मूळ पुस्तकच बघतं, शाई, खाडाखोड, मागच्या-पुढच्या नोंदीचं अक्षर. म्हणून फिकट अक्षर गिरवू नका, पानावर नवीन खूण करू नका.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची वेळ आली तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्याच्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा एक आकडा, फाईल जरा बदलली की तो बदलतो) पण भरावी लागते. म्हणून फोटो काढल्यावर मूळ फाईल तशीच्या तशी एका फोल्डरात ठेवा, कापणं-फिरवणं जे काही करायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

क्रम लावायचा असेल तर मोडीनंतर १९६७ च्या आधीची रजिस्टरं घ्या. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या आधीचे पुरावे मागतात, लोक त्यासाठीच तुमच्याकडे येतात. नव्वदच्या पुढची रजिस्टरं वर्षभर थांबली तरी कोणाचं अडणार नाही.

बुराईकाठ

कळवायचं राहून गेलं होतं. उन्हाळी सुट्टीत कामाला लागले, सकाळी सहा ते नऊ व्हरांड्यात, नंतर उन्हानं फोन तापून बंद पडायचा. गावातली दोन डीएडची मुलं मदतीला आली, एक पान उलटायचा आणि एक नंबर मोठ्यानं वाचायचा. मोडीची दोन्ही आणि तिसरं रजिस्टर झालं. धुळ्याचे सर दोनदा येऊन गेले, त्यांनी पहिल्या रजिस्टरातली ९० नावं वाचून दिली, दुसऱ्या वाचकांकडे ती अजून गेलेली नाहीत.

तो ‘ता.’ चा तुकडा आठवतो का, तो १९२१ च्या एका नोंदीचा निघाला. फोटो मोठा करून बघितल्यावर फाटलेल्या कडेची रेघ जुळली, ‘ता.’ च्या पुढचा आकडा पानावर तसाच शाबूत आहे, नाव आहे झिपरू वल्द बुधा. पाकिटावर तेवढं लिहून ठेवलं.

फाईलींना नावं देताना गुरुजींच्या पद्धतीचा फायदा काल कळला. तिसऱ्या रजिस्टरात एक फाईल ११८६ ला संपते आणि पुढची थेट १२०५ पासून सुरू होते. एक जोडपान उलटायचं राहून गेलंय, पानं एकमेकांना चिकटलेली असणार. सोमवारी तेवढं परत घेते आणि मग चौथ्याला हात घालते.